नाकाची वाइन

साबणाच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘नाक’ म्हणायचे. तोंडावर नाकसाहेब, पाठीमागे नुसतं नाक. साबणाचा प्रत्येक घाणा पेट्यांत भरण्याआधी नमुना म्हणून त्यांच्या टेबलावर यायचा. ते वडी हातात घ्यायचे, अंगठ्याने जराशी घासायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. मान उभी हलली की माल पुढे, आडवी हलली की मागे. बोलणं बेताचंच होतं, आणि त्या कामाला बोलण्याची गरजही नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे झाकून ठेवायचे आणि कुणाच्या डब्यात काय आहे ते त्यांनी दाराशी उभं राहून सांगायचं, हा तिथला नेहमीचा खेळ. त्यांच्याशी पैज लावायला एखादा नवखाच पुढे यायचा.

गल्लीत ते नाककाका झाले. कुणाला तेलाच्या डब्याबद्दल शंका आली, कुणाला खोली भाड्याने घ्यायच्या आधी भिंतीत ओल आहे का ते बघायचं असलं, की माणसं त्यांना बोलवायला यायची. काका चप्पल पायात सरकवायचे, जायचे, दारातच थांबून एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे. त्यांचं म्हणणं कुणी तपासून पाहत नसे. न्यायाधीशाने निकाल दिल्यावर पुन्हा साक्षीपुरावे कोण काढतं?

आणि त्यांची वाइन. ती त्यांना त्यांच्या आत्याने शिकवली होती. उन्हाळा तोंडावर आला की झुडपांवर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात, उलट्या धरलेल्या छत्रीसारखे. त्यांचं खरं नाव काय आहे कोण जाणे, आत्या छत्रीची फुलं म्हणायची, म्हणून तेही म्हणत. दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आधी जायचं, घोस फडक्यावर झटकायचे म्हणजे किडे पडतात, हिरवे देठ काढून टाकायचे म्हणजे कडवटपणा येत नाही. जोडीला रानद्राक्षाची कोवळी पानं. पानाफुलांवर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं, मग गाळायचं, साखर आणि लिंबू घालायचं, यीस्ट टाकायचं आणि मोठ्या काचेच्या बरणीत भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायचं. बरणीच्या तोंडातल्या नळीतून बुडबुडे यायला लागले की काकू म्हणायच्या, “बोलायला लागली गं बाई.” बोलणं थांबलं की बाटल्या भरायच्या, आणि थंडी पडली की उघडायच्या. सोनेरी, हलकी, मधाचा नि लिंबाच्या सालीचा वास असलेली ही वाइन गल्लीत ‘नाकाची वाइन’ म्हणून ओळखली जायची. ज्याच्या घरी तिची बाटली पोचली, तो स्वतःला काकांच्या जवळचा समजायचा.

या सगळ्यात अवघड काय असेल तर फुलं निवडणं. कारण छत्रीच्या फुलांची झुडपं दिसायला सख्ख्या बहिणींसारखी, स्वभावाने मात्र वेगळी. एकीला मधाचा वास, तर शेजारच्या दुसरीला बोक्याने कोपऱ्यात केलेल्या लघवीचा. गुणी झुडूपसुद्धा दुपारचं ऊन लागलं की बिघडतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. तिथे नाकच लागतं.

काकांचं नाक गेलं ते निवृत्तीनंतरच्या थंडीत. साधा ताप आला होता, उतरलाही. मग एके सकाळी काकूंनी कॉफीचा कप हातात दिला आणि काकांना वाटलं, कॉफी घालायला विसरली की काय. कपात पाहिलं तर रंग होता. ते मुकाट्याने प्यायले. काकू बाहेर गेल्यावर त्यांनी लवंगेचा डबा उघडून नाकाशी धरला, मग कापराची डबी, मग कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेल्या साबणाच्या वड्या. काही नाही. ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि आतून कुणीच ओ देऊ नये, तसं झालं. येईल परत, त्यांनी मनाशी म्हटलं. सर्दी बसली असेल.

सर्दी बसलेली नव्हती. नाक परत आलं नाही.

सांगायला हवं होतं, काकूंना तरी. पण आपल्याकडे दुसरं आहे तरी काय, असं त्यांना वाटायचं. उंची बेताची, शिक्षण बेताचं, चार माणसांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटणार. देवाने एक नाक तेवढं दिलं होतं. तेही गेलं असं सांगितल्यावर गल्लीतून चालायचं कोण म्हणून?

मग ते एक युक्ती शिकले, आणि शिकले याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. कुणी काही हुंगायला आणलं की आधी विचारायचं, “तुला काय वाटतं?” आणणारा बहुतेक वेळा मनाशी ठरवूनच आलेला असतो. त्याचा चेहरा वाचायचा, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा आणि त्याच्याच मनातलं त्याला सांगायचं. लोक खूश होऊन जायचे. पहिल्या वर्षीची वाइनही निभावली, कारण मालगोदामामागच्या पडीक रुळांशेजारचं झुडूप वर्षानुवर्षांच्या ओळखीचं होतं. डोळे मिटून फुलं तोडली तरी चालण्यासारखं. वाइन उतरली, नावाजली गेली आणि काकांचं धाडस वाढलं.

दुसऱ्या वर्षी ते पिशवी घेऊन गेले तर तिथे झुडूप नव्हतं. रस्ता रुंद करायला सगळं सपाट केलं होतं आणि खडी पसरली होती. काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या आल्या नव्हत्या. काका एकटेच कालव्याच्या कडेने पुढे चालत गेले. तिथे छत्रीची झुडपं ओळीने उभी होती, सगळी पांढरीशुभ्र, सगळी सारखी. ते एकेका झुडपात नाक खुपसून उभे राहिले. या झुडपाकडून त्या झुडपाकडे, पुन्हा पहिल्याकडे. नुसती हवा. यात सूर्य डोक्यावर आला. शेवटी ज्यावर फुलं भरघोस होती आणि मधमाश्या घोंघावत होत्या, ते झुडूप त्यांनी धरलं. मधमाश्यांना कळत असेलच की. तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारी एक बाई ओढणी नाकाला लावून लगबगीने शेजारून गेली. कालव्याच्या पाण्याला वास येत असणार, काका मनात म्हणाले, आणि पिशवी भरायला लागले.

त्या वर्षी घरात एक गोड बातमी होती. सूनबाईला दिवस गेले होते. काकांचा मुलगा मालट्रक चालवायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे घरात ही तिघंच. सूनबाई हसतमुख, कामसू, काकांना बाबा म्हणायची आणि त्यांच्या नाकाचं भलतं कौतुक करायची. दिवस गेल्यापासून तिचं स्वतःचं नाक मात्र कमालीचं तीक्ष्ण झालं होतं. शेजारी कांदा चिरला तर हिच्या डोळ्यांत पाणी. काकू चेष्टेने म्हणायच्या, “एका घरात दोन नाकं झाली, आता मला फोडणीसुद्धा जपून घालावी लागणार.” काकाही हसायचे, पण ते हसू ओठांपुरतंच असायचं.

थंडी पडली तशी सूनबाईचे वडील भेटायला आले. ते शिंपी. चौकात त्यांचं दुकान होतं, आणि निम्म्या गावाच्या खांद्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. स्वभाव गडगडाटी. बायको लवकर गेलेली, मुलीला एकट्याने वाढवलं, त्यामुळे तिच्यावर जीव आणि धाक दोन्ही सारखेच. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की ते दुकान बंद करणार आहेत. सुईत दोरा ओवताना आता सुईच दिसत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं, दोन घोट पाजायचे आणि शटर ओढायचं.

“पण घोट तुमच्या वाइनचेच हवेत, व्याहीबुवा,” शिंपी म्हणाले. “दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय. नाकाची वाइन म्हटल्यावर आजारी माणसंसुद्धा येणार आहेत.”

काका लाजले, खूशही झाले. त्या वर्षीची पहिली बाटली तेव्हाच उघडली. सूनबाईने पेले मांडले आणि ओतायला घेतली. एक पेला भरला, दुसरा अर्धा झाला आणि तिचा हात थांबला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “याला बोक्याचा वास येतोय.”

काकांनी सवयीप्रमाणे शिंप्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेला त्यांच्या हातात होता, पण चेहरा माप घेतानाचा, त्यावर काहीच उमटत नव्हतं. खरं तर शिंपी काकांच्याच चेहऱ्याकडे बघत होते, काय म्हणायचं ते ठरवायला. काकूंनी मान खाली घातली होती. काकांनी अर्धा भरलेला पेला उचलून एक घोट घेतला. गोड होतं, आंबट होतं, जिभेला जेवढं कळतं तेवढं सगळं बरोबर होतं.

तिथे ते म्हणू शकले असते की, पोरी, मला कळत नाही. एवढंच वाक्य. पण व्याही समोर, हातात पेला, आणि आजारी माणसंसुद्धा येणार होती.

“सूनबाई, या दिवसांत स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचा नसतो,” ते हसून म्हणाले. “परवा तुला धुतलेल्या चादरीचासुद्धा वास येत होता. मी उभा जन्म वास घेण्यात घालवला. वाइन उत्तम आहे.”

शिंपी मोठ्याने हसले. सुटल्यासारखे. त्यांनी पेला घटाघटा रिकामा केला आणि मुलीला म्हणाले की ज्या घरात प्रत्यक्ष नाक राहतं, तिथे आपलं नाक चालवू नये. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण व्याह्यांचा मान राखायचा म्हणून त्यांनी आवाज चढवला. “क्षमा माग बाबांची. एवढ्या मेहनतीने करतात आणि तू बोका म्हणतेस.”

सूनबाईचे कान लाल झाले. “चुकलं, बाबा,” ती म्हणाली. तिने दुसरा पेला भरला, तिसरा भरला आणि पदार्थ झाकायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शिंपी जाताना बाटल्यांची अख्खी पेटी रिक्षात घालून घेऊन गेले.

त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. आधी ती बेधडक सांगायची, हे दूध फेकून द्या, या टॉवेलला कुबट वास येतोय. आता प्रत्येक गोष्ट घेऊन काकांकडे यायची. बाबा, हे चांगलं आहे ना? माझं काही खरं नाही आजकाल. आणि काका सवयीने विचारायचे, तुला काय वाटतं? तर ती म्हणायची, मला काहीही वाटतं हो, तुम्हीच सांगा. आता तिच्या चेहऱ्यावर वाचायला काही उरलं नव्हतं. काका अंदाजपंचे मान हलवायचे, आणि बहुधा उभी.

अशीच एका दुपारी ती माशांची थाळी घेऊन आली. बाजारातून सकाळी आणलेले मासे. तिला काहीतरी वेगळं वाटत होतं, पण तिने ते बोलूनही दाखवलं नाही. नुसती थाळी पुढे केली. काकांनी डोळे मिटले, श्वास घेतला, मासे चकाकतायत ना, एवढं डोळ्यांच्या फटीतून पाहून घेतलं आणि म्हणाले, “ताजे आहेत.”

तिने ते शिजवले. काकांनी खाल्ले, काकूंनी थोडे खाल्ले, आणि बाळासाठी चांगले असतात म्हणून काकांनी आग्रह करकरून सूनबाईच्या ताटात वाढले. अंधार पडायच्या आत तिघांचीही पोटं बिघडली. काकांचं नि काकूंचं थोडक्यात निभावलं. सूनबाईला मात्र उलट्या थांबेनात. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला इस्पितळात नेलं, सलाईन लावलं. काका बाहेरच्या बाकावर बसून राहिले. समोरची फरशी एक माणूस फिनाइलने पुसत होता. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावत होते आणि काका त्या बादलीशेजारी बसून ढिम्म होते. बाळ सुखरूप आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि परत बसले.

काकू शेजारी येऊन बसल्या.

“नाक गेलंय ना तुमचं?” काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. वाळत घातलेले कपडे आत आणले का, असं विचारावं तसं विचारलं.

काकांनी मान हलवली. उभी.

“मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात दूध जळून पातेल्याला चिकटलं, घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात. तेव्हाच कळलं.” त्या थांबल्या. “वाटलं, सांगाल आपणहून. पुरुषमाणसाचं कशाला उघडं पाडायचं. त्या दिवशी वाइनला वास येतोय हे मलाही कळत होतं. पण मीही गप्प बसले. मीच बोलायला हवं होतं.”

बायकोला सगळं माहीत आहे आणि आपण तिच्यासमोर रोज डोळे मिटून श्वास घेतोय. दोन वर्षं हा तमाशा त्या बघत होत्या, आणि एकदाही हसल्या नव्हत्या. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. काका खाटेपाशी उभे राहिले. काकूंनी स्टूल पुढे सरकवला, तरी ते बसले नाहीत. लहानपणी वर्गात पाठांतर म्हणून दाखवताना पाहायचे तसं भिंतीकडे पाहत त्यांनी सगळं सांगितलं. ताप, कॉफी, लवंगेचा डबा, कालव्याकाठचं झुडूप, मासे. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढंसंच होतं ते.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे मला खरंच वास येत होता?”

“हो.”

“वाइनला पण? माशांना पण?”

“हो, पोरी.”

“मी डॉक्टरीणबाईंना विचारणार होते, नाकावर काही औषध देता का म्हणून.”

माझं चुकलं, असं त्यांनी पुटपुटून म्हटलं. तिने चादरीची घडी बोटांनी सरळ केली.

“मला सांगून काय होणार, बाबा? मला तर वास आधीच आला होता,” ती म्हणाली. “क्षमा मागायला लावली ती माझ्या आप्पांनी. त्यांना अजूनही वाटतंय त्यांच्या मुलीला रीत नाही. त्यांना सांगा.”

ती रागाने बोलली नव्हती. दमलेल्या माणसाचं बोलणं होतं ते.

रविवार दोन दिवसांवर आला होता. शनिवारी दुपारी काका चौकात गेले. दुकानाच्या पाट्या उतरवल्या होत्या, शिवणयंत्रं भिंतीला लावून ठेवली होती. शिंपी गडबडीत, पण आनंदात. मुलीला साधं अपचन झालं होतं, आता बरी आहे, एवढंच त्यांना काकूंकडून फोनवर कळलं होतं. त्यांनी काकांना हाताला धरून आत नेलं आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले पेले दाखवले, कापड कापायच्या लांबलचक टेबलावर मांडून ठेवलेले. कडेला वाइनच्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात शिंप्यांनी रेशमी कापडाची चिंधी बांधलेली, टायसारखी.

“कसं दिसतंय, व्याहीबुवा?”

काका म्हणाले, छान. मग म्हणाले, एक सांगायचं होतं. शिंपी म्हणाले, सांगा की. काका त्या टाय बांधलेल्या बाटल्यांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “या शर्टाचं बटण सैल झालंय.”

शिंप्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, सुई काढली, दोरा ओवायला शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि बटण लावून दिलं. या दुकानातलं हे शेवटचं बटण, आणि तेही तुमचं, ते म्हणाले. त्यांना भरून आलं होतं. काका घरी आले तेव्हा सूनबाई इस्पितळातून आली होती आणि खिडकीपाशी बसली होती. सांगितलंत का, असं तिने विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि परत खिडकीबाहेर पाहायला लागली. चेहरा वाचणं काही एकट्या काकांनाच येत नव्हतं.

रविवारी ते लवकर निघाले. पेले भरण्याआधी पोचायचं, शिंप्यांना बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. पण चौक जवळ आला आणि ते दुकानाकडे न वळता पुढे गेले. त्यांनी एक चक्कर मारली. मग आणखी एक, बाजाराच्या बाजूने. कुणीतरी नाककाका म्हणून हाक मारली, ते न ऐकल्यासारखं करून पुढे गेले. दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आतमध्ये माणसं दाटली होती, पेले भरून हातोहात फिरले होते आणि शिंपी स्टुलावर उभे राहून बोलत होते.

काका दारातूनच बघत राहिले. शिंप्यांनी पेला उंच केला. सगळ्यांनी उंच केला. मग सगळे तोंडाशी नेऊन थबकले. लठ्ठ बेकरीवाल्याने पेल्यात पाहिलं. शाळेतल्या बाईंनी शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने नजर चुकवली. एका म्हाताऱ्याने बुटाचा तळवा उलटा करून तपासला, आपण कशात पाय तर दिला नाही ना, म्हणून. कुणीही काही बोललं नाही. नाकाची वाइन होती ती. तिच्यात दोष काढायचा म्हणजे आपलं अज्ञान चारचौघांत दाखवायचं. एकेकाने डोळे मिटले आणि घोट घेतला. “वा,” बेकरीवाला घसा खाकरून म्हणाला. “वेगळीच आहे.” मग सगळेच माना डोलवायला लागले, वेगळी आहे, मुरलेली आहे.

हे पाहिलं नसतं तर कदाचित काका अजून एक चक्कर मारून घरी गेले असते. पण पन्नास-साठ वर्षांची शहाणी माणसं स्वतःच्या नाकाला खोटं पाडून त्यांच्यासाठी माना डोलवत होती. त्यांना सूनबाईचे लाल झालेले कान आठवले.

“पिऊ नका,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की दाराजवळच्या दोघांनीच ऐकला. ते बाजूला झाले. काका आत गेले, टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले. “पिऊ नका. वाइन खराब आहे. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली, कशाचाच येत नाही. फुलं चुकली. माझ्या सुनेला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तिला खोटं पाडलं.”

कुणीतरी पेला टेबलावर ठेवला. त्याचा आवाज झाला. मग बेकरीवाला म्हणाला, “मला वाटलं दुकानात बोका शिरलाय,” आणि दोन-चार जण हसले, मग थांबले, कारण शिंपी हसत नव्हते. ते स्टुलावरून खाली उतरले. बोलताना नेहमी दणाणणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

“ती बोक्याचा वास म्हणाली तेव्हा मलाही आला होता,” ते काकांना म्हणाले. “नाकात शिरला होता. पण तुम्ही उत्तम म्हणालात, आणि मी माझ्या पोरीला क्षमा मागायला लावली. आई नसलेल्या पोरीला. तुमच्या नाकासाठी.”

काकांनी मान खाली घातली. नव्याने लावलेलं बटण त्यांच्या नजरेसमोर होतं, घट्ट, नीट, चार टाक्यांचं.

“आणि तिचं अपचन?” शिंप्यांनी विचारलं.

काकांनी मासेही सांगितले.

लोकांनी हळूहळू पेले टेबलावर ठेवले. एकेकाने शिंप्यांच्या खांद्यावर हात ठेवला, शुभेच्छा दिल्या आणि बाहेर पडले. काकांकडे पाहायचं की नाही, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं. शाळेतल्या बाई तेवढ्या जाता जाता म्हणाल्या की होतं असं वयाने, त्यात काय एवढं. त्या दयेने काकांना बेकरीवाल्याच्या हसण्यापेक्षाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकान रिकामं झालं. शिंप्यांनी बाटल्यांच्या गळ्यातल्या चिंध्या एकेक करून सोडल्या आणि घडी घालून खिशात ठेवल्या. काकांनी बाटल्या उचलून मागच्या अंगणात नेल्या आणि गटारात ओतल्या. वाइन सोनेरी दिसत होती, उन्हात तर फारच सुंदर. मग ते पेल्यांचं ताट घेऊन नळापाशी बसले. कुणी सांगितलं नव्हतं. शिंपी दारात उभे राहून पाहत होते.

“पेले मागून आणलेले आहेत,” ते म्हणाले. “वास राहून चालायचं नाही.”

काकांनी पहिला पेला साबण लावून घासला, विसळला आणि सवयीने नाकाशी नेला. मध्येच त्यांच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. त्यांनी पेला शिंप्यांपुढे धरला.

“बघता का जरा,” ते म्हणाले. “गेला का?”

शिंप्यांनी पेला घेतला, नाकाशी धरला, आणि बराच वेळ धरून ठेवला.

“आहे अजून,” ते म्हणाले, आणि पेला परत दिला.

काकांनी तो पुन्हा घासला. खरंच होता की नव्हता, हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. त्यांनी तो तिसऱ्यांदा साबणाखाली धरला.